नव्या गेममधली जुनी उडी

जुना लढाईचा व्हिडिओ गेम नव्या रूपात आणण्यात काही अर्थ आहे का, यावर आमच्या घरात गेले काही महिने वाद चालू आहे. त्यात माझे मत सर्वांत आधी विचारले जायला हवे होते. ते विचारले गेले नाही. मुलाने बोरिवलीहून येऊन तो गेम आमच्या मुलुंडच्या घरातल्या टीव्हीला जोडला, तेव्हा त्याच्या मनात निकाल लागून गेला होता. चित्रे स्वच्छ झाली आहेत, पाण्यात आभाळ दिसते, योद्ध्याच्या अंगरख्याची वीणही दिसते, आणि मूळ खेळाला मात्र कुठेही धक्का लावलेला नाही. हे शेवटचे वाक्य त्याने इंटरनेटवरच्या कुठल्याशा परीक्षणातून उचलले होते. माझे भांडण त्या वाक्याशी आहे.

पंचवीसेक वर्षांपूर्वी कांजूरमार्गच्या आमच्या ऑफिसने जुने कॉम्प्युटर मोडीत काढले, त्यांतला एक मी घरी आणला. तो मुलासाठी आणला असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. मुलगा क्लासला गेला की मी आणि माझी पत्नी त्यावर हा गेम खेळत असू. एकाच कीबोर्डवर, दोघांनी मिळून. बाणांची बटणे माझ्याकडे, म्हणजे योद्ध्याला चालवणे आणि वळवणे माझे. खालचे लांब बटण तिच्याकडे, म्हणजे उडी तिची. समुद्रातल्या किल्ल्याचा तट जिथे जिथे ढासळलेला होता, तिथे मी ‘हं’ म्हणायचे आणि तिने बटण दाबायचे. अशा रीतीने आम्ही तो सबंध किल्ला पार केला. मुलगा सांगतो की आई खेळायची आणि बाबा शेजारी बसून ओरडायचे. त्या वेळी तो घरात नसे. अशा साक्षीदाराचे किती ऐकायचे, ते वाचकांनी ठरवावे.

गेल्या वर्षापासून पत्नीचा उजवा हात कापतो. घाटकोपरच्या डॉक्टरांचे औषध चालू आहे. चहा ती आता कपबशीऐवजी स्टीलच्या पेल्यातून घेते, आणि पेला काठोकाठ भरू देत नाही. मुलाने हा गेम आणला तो तिचे मन रमावे म्हणून, हे मी मान्य करतो. मी त्याला कीबोर्ड जोडायला लावला, बाण माझ्याकडे घेतले आणि तिला शेजारी बसवले. पहिला ढासळलेला तट आला. मी ‘हं’ म्हणालो, तिने दाबले, योद्धा समुद्रात पडला. पुन्हा तेच झाले, आणि त्यानंतरही तेच. तेव्हा मुलगा अगदी मायेने म्हणाला, “आई, राहू दे. मी इझी मोड लावतो, त्यात उडी आपोआप बसते.”

त्या मायेनेच घात केला. गॅस संपला हे ज्या आवाजात सांगावे त्याच आवाजात ती म्हणाली, “माझा हात गेला आता,” आणि तिने हात ओढणीखाली घेतला.

चूक हाताची नव्हती, हे त्या खोलीत फक्त मला कळले होते. आमचा मोडीतला कॉम्प्युटर मंद होता. बटण दाबल्यावर योद्धा क्षणभर विचार करी आणि मग उडी मारी. त्यामुळे कडा येण्याच्या एक पाऊल आधी दाबायचे, हे आमच्या अंगात मुरले होते. नवा योद्धा तत्पर आहे. तो तिथल्या तिथे उडतो, म्हणून अलीकडे पडतो. मी हे मुलाला समजावून सांगितले.

“बाबा, मशीन स्लो नव्हतं,” तो म्हणाला. “रॅम मी स्वतः टाकली होती.”

ती त्याच्या आयुष्यातली पहिली दुरुस्ती, आणि तिचा अभिमान त्याला अजून आहे. ती रॅम आमचा किल्ला सर झाल्यानंतर आली, हे मी त्याला सांगितले. कशाला उगाच वाद घालताय, असे तो म्हणाला. मी म्हणालो की वाद नाही, दुरुस्ती करतोय. आणि मूळ खेळ म्हणजे कोणता, हेही विचारले: कंपनीने बनवला तो, की आम्ही दोघांनी खेळला तो? यावर त्याने मोबाइल पाहिला.

तेव्हा मी पुरावा द्यायचे ठरवले. दोन्ही कामे माझ्या हातांत घेतली. माझा हात या वयातही सुईत दोरा ओवतो. मी जुन्या सवयीने धावलो, जुन्या सवयीने बटण दाबले, आणि ती पडली होती नेमका त्याच दगडाखाली समुद्रात पडलो. जिंकल्यासारखा तिच्याकडे वळलो. ती टीव्हीकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

“तुम्ही मुद्दाम पडलात,” ती म्हणाली.

हे तिने इतक्या मऊ आवाजात म्हटले की मुलाचा चेहराही विरघळला. तेव्हापासून तीच हकिकत सर्वत्र फिरते आहे. सुनेने ती मालाडला माहेरी सांगितली, आणि आता तिकडची मंडळी माझ्याकडे ओल्या डोळ्यांनी पाहतात. माझे कौतुक करणाऱ्या या हकिकतीला माझा सक्त विरोध आहे. मी मुद्दाम कधीही हरलेलो नाही, पोटच्या पोराशी कॅरम खेळतानाही नाही. आणि मी मुद्दाम पडलो असेन, तर चूक तिच्या हाताचीच ठरते. एवढी साधी गोष्ट या कौतुक करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

मग ती दुपारी आडवी झाली की मी एकट्याने सराव सुरू केला. शब्द उशिरा उच्चारायचा सराव. ते सोपे नाही. ‘हं’ जुन्या जागी आपसूक तोंडाबाहेर येई. अखेर जमले. गेल्या रविवारी पुष्कळ विनवण्या केल्यावर ती येऊन बसली, तिने बटणावर बोट ठेवले. मी योद्ध्याला पळवले, शब्द ओठांत धरून ठेवला, आणि मी तो उच्चारण्यापूर्वीच तिने बटण दाबले. नेमके जुन्या जागी. योद्धा पडला.

मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी, न सांगता, तिचे बोट अचूक त्याच क्षणी खाली आले होते. मी तसे म्हणणार, इतक्यात तीच बोलली.

“तुम्ही ‘हं’ म्हटलंही नव्हतं. हात आपोआप हलला. डॉक्टर दर वेळी हेच विचारतात ना?”

मी तिला सगळे सांगितले. मंद कॉम्प्युटर, अंगात मुरलेला क्षण, ती आणि मी पडलो तो एकच दगड. माझ्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले, वाद जिंकायची सवय असलेल्या माणसाचे ऐकून घ्यावे तसे. मग टीव्ही बंद करा म्हणाली, मेथीची जुडी पुढे ओढली आणि डाव्या हाताने पाने खुडू लागली.

मी टीव्ही बंद केला नाही. खुर्ची तिच्याजवळ सरकवली आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागलो.