‘ह्याले येत नाही’ म्हणणारे सुखदेव भैया

सुखदेव गजभिये सरांनी पहिल्या भेटीत माझं नावसुद्धा विचारलं नाही. माझ्या कपाळावर तळहात टेकवला आणि म्हणाले, "लोट." मी लोटलं. "मानेत दम आहे, अक्कल नाही. उद्या ये." कबड्डीवाल्यांनी जाड्या म्हणून मला हाकलून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी रायपूरला अभनपूर रस्त्यावरच्या त्यांच्या मैदानात मी सगळ्यांच्या आधी हजर होतो.

सरांना आम्ही भैयाच म्हणतो. भैया यंदा साठ वर्षांचे होत आहेत. पुरानी बस्तीत वाढलेले, रेल्वेतल्या वडिलांचे हे चिरंजीव फौजेत रग्बी शिकले आणि पुढे श्रीलंकेतल्या एका क्लबाने त्यांना पगारी खेळाडू म्हणून बोलावून घेतलं. त्यांची जागा प्रॉपची. रग्बीत दोन्ही संघांचे आठ-आठ गडी डोकी अडकवून एकमेकांना रेटतात, तो स्क्रम. प्रॉप त्यात अगदी पुढच्या रांगेत असतो आणि सगळा भार त्याच्या मानेवर येतो. "ढकलाढकलीचेही पैसे भेटते काय रे?" असं भैयांच्या आई शेवटपर्यंत विचारत. भैयांचे ते चोळामोळा झालेले कान त्याच कमाईतले!

परत आल्यावर त्यांनी आम्हाला हाताशी धरलं. सरावानंतर भाभींच्या हातचा फरा, म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके, डबा भरून येई. आधी पोट्ट्यांनी खायचं, उरलं तर भैयांनी. कधी उरलं नाही.

आता राज्य स्पर्धेची ती फायनल. आम्ही दोन गुणांनी मागे, शेवटची मिनिटं, स्क्रम आमचा आणि समोरच्यांची रेषा पाच पावलांवर; ती ओलांडून चेंडू टेकवला की पाच गुण. तेवढ्यात आमचा प्रॉप दिनेश खांदा धरून बाहेर आला. राखीव प्रॉप आधीच जायबंदी. नियम असा की पुढच्या रांगेत त्या कामाचा शिकलेलाच गडी हवा. नसेल तर स्क्रम नुसता लावायचा, रेटायचं नाही. आणि रेटणं हेच तर आमचं हत्यार! मी होतो दुसऱ्या रांगेतला. हात वर केला, "भैया, मले येते." नागपूरच्या पंचांनी भैयांकडे पाहिलं. नुसतं हो म्हणायचं होतं.

"ह्याले येत नाही," भैया म्हणाले.

हरलो. जिंकलो असतो तर राज्याच्या संघात माझी वर्णी लागणार होती. दोन महिने मी मैदानाकडे फिरकलो नाही. भैया दिसले की गल्ली बदलायचो. खोटं कशाला बोलू, शिव्याही दिल्या.

मग एका रविवारी भैया स्वतः घरी आले. आईने दिलेला चहा प्यायले, बशी खाली ठेवली.

"नाराज आहेस ना? राह्य. पन आयक. तिकडे श्रीलंकेत मी कप्तान होतो, तवा असंच झालं. एक पोट्टा म्हने, मले येते. त्याले येत नाही हे मले मालूम होतं, तरी मी पंचाले हो म्हनलं. जिंकलो आमी. त्याची मान आजबी वळत नाही. मागून कोनी हाक मारली तर पुरा घुमून पाहते." मग हळूच म्हणाले, "त्याच्यानंतर मी खेळलोच नाही."

आईने खाली ठेवलेली बशी उचलली. म्हणाली, "सर, अजून घोटभर चहा ठेवू काय?"

दुसऱ्या दिवसापासून भैयांनी मला प्रॉपचं काम शिकवायला घेतलं. जर्सी कुठे पकडायची, पाठ कशी सपाट ठेवायची, दम कधी सोडायचा, सगळं. आठ महिने अक्षरशः पिदडलं. मग एक दिवस पुन्हा कपाळावर तळहात टेकवला. "आता येते," म्हणाले. मी तिथेच रडलो. पुढे सहा वर्षं मी त्याच जागेवर खेळलो. आता नवा रायपूरच्या कार्यालयात फायली रेटतो.

भैया, तुमच्या गुडघ्यांनी अजून खूप वर्षं साथ द्यावी, शंभरी मैदानातच साजरी व्हावी आणि भाभींच्या डब्यात एकदा तरी तुमच्यासाठी फरा उरावा, एवढीच आम्हा सगळ्यांची इच्छा.

परवा स्कूटरवरून मैदानाजवळून जात होतो, तर मागून तुमची हाक आली, "काहून रे, थांबत नाहीस?" मी थांबलो आणि सीटवर बसल्या बसल्या, नुसती मान वळवून तुमच्याकडे पाहिलं.