डिस्टेंपरचं शेवाळ

गोवा राज्य होऊन काही वर्षं झाली होती. मुळगावजवळच्या एका खाणीच्या रोपवाटिकेत मी नोकरीला होतो. खाणीने डोंगर कापून उघडा टाकलेला, आणि पावसाळ्यात त्या कापातून सुटणारा तांबडा चिखल थेट खाली माझ्या मावशीच्या भातशेतात उतरे. उघड्या कातळावर शेवाळ धरलं तर माती अडते, पुढे त्यावर नेचे रुजतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. व्यवस्थापक म्हणाले, "एक पट्टा करून दाखव. चतुर्थीच्या आधी तपासणीचे साहेब येतील. त्यांना पटलं तर सगळा काप करू." म्हणजे मावशीचं शेत वाचणं त्या एका पट्ट्यावर आलं.

जुन्या गडग्यावरचं, म्हणजे दगडी कुंपणावरचं, शेवाळ बुडासकट काढलं. त्याला धरून राहणारे जिवाणू वाढवायला पेजेच्या पाण्यात गूळ घालून बरण्या भरल्या. मग त्यात शेवाळाचा चुरा कालवून कातळाला लेप दिला. गुळाचा खडा पुरला असता, मी अख्खी ढेप फोडली. सकाळी बघतो तर गावच्या गाई ओळीने उभ्या राहून कातळ चाटतायत! एक तर माझ्याकडे, आणखी आहे का, अशा नजरेने बघत होती.

दुसऱ्यांदा गूळ बेताने घातला, भोवती काट्यांचं कुंपण केलं. श्रावणात पट्टा असा गर्द हिरवा झाला की हात लावल्यावर कातळ ओल्या गोधडीसारखा लागे. मावशी बघायला आली नि हसली.

"पुता, इतको शिकलंस आणि शेवाळ वाढवतंस? आमी चवथीक ताच खरवडतो मरे!"

मीही हसलो. हसायला नको होतं.

तपासणीच्या सकाळी पोहोचलो तर माझा पट्टा खरवडून लख्ख! मुकादम अभिमानाने म्हणाला, "साहेब येतत, चवथ तोंडार, आणि कातळ असो बुरसटलेलो? कामाक बायलो लावन साफ करून घेतलो." आणि त्या लख्ख कातळासकट सगळ्या कापाला दोन गडी हिरवा डिस्टेंपर फासत होते. व्यवस्थापकांना विचारलं, तर त्यांनी मलाच समजावलं: "अरे, तुझ्या एवढ्याशा पट्ट्याने काय दिसणार? आता बघ, सगळा डोंगर हिरवा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. जिवंत होतं ते घाण ठरलं आणि डब्यातलं होतं ते निसर्ग!

साहेब आले, लांबूनच "वा, छान" म्हणाले. मी पुढे झालो. "साहेब, हा रंग आहे! बघा!" म्हणत कातळाला पाठ घासली आणि पांढऱ्या शर्टावरचा हिरवा ठसा दाखवला.

व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, "ह्यांचा उत्साह असाच. मागे ह्यांनी गाईंना डोंगर चाटायला दिला होता."

सगळे खो खो हसले. साहेब तर डोळे पुसत गाडीत बसले. काप पास!

चतुर्थीनंतर पाऊस कोसळला. मावशीच्या शेतात तांबडा चिखल होताच, या वर्षी त्यावर हिरवे ओघळही होते. भाताची लोंबं आडवी झालेली. तिने बोटाने तो हिरवा चिखल उचलला.

"ह्यां तुजा शेवाळ?"

"नाही मावशी. त्यांचं."

मी घमेलं भरलं, चढण चढलो आणि व्यवस्थापकांच्या कचेरीच्या धुतलेल्या पायऱ्यांवर ओतलं. नोकरी तिथेच संपली. रिकामं घमेलं घेऊन खाली आलो, तर मावशीने दुसरं भरून ठेवलं होतं.