पांढरी चिंधी

वारा पडलेला होता. पहाटेपासून आभाळ नुसतं भरून बसलं होतं, ना बरसत होतं ना हटत होतं. मावशी मोठ्या झाडाखाली झाडत होती आणि झाडलेल्या जागी पुन्हा पानं पडत होती. हिरवी, धडधाकट पानं. वारा नसताना.

तिला अख्खी बाग मावशी म्हणायची, साहेबसुद्धा. यात्रेकरूंना टेकायला सावली हवी म्हणून कुण्या जुन्या राजानं ही बाग लावली. देवस्थान रस्त्यापलीकडे. दर्शन उरकून लोक इथं येणार, पाय पसरून बसणार, खाऊन कचरा टाकून जाणार आणि मावशी तो आवरणार. नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागली, ती लागलीच.

बागेत एक पद्धत होती. जे झाड धोक्याचं, त्याला पांढरी चिंधी बांधायची. करवतवाला महिन्यातून एकदा यायचा आणि चिंधी बघून झाड आडवं करायचा. बोलायची गरज नसे. मोठ्या झाडाच्या बुंध्याला अळंब्या फुटल्या, तेव्हा मावशीनंच घरून जुना अभ्रा आणून फाडला नि फांदीला बांधला.

नेमका त्या महिन्यात करवतवाला आजारी पडला. तेवढ्यात कुणा बाईनं ती चिंधी पाहिली, नवसाचं झाड समजून शेजारी आपल्या रुमालाची पट्टी बांधली. मग दुसरीनं, तिसरीनं. करवतवाला आला तोवर झाड चिंध्यांनी फुललं होतं आणि खाली माणसं डोळे मिटून बसली होती.

"मावशे, यातली तुझी कुठली?"

"ती तेलकट."

"मग तेवढीच फांदी कापू का?" तो हसला, पण करवत काही पिशवीतून बाहेर काढली नाही.

साहेबांनीही हात झटकले. "लोकांच्या श्रद्धेवर करवत चालवू? मला इथनं पळवून लावतील."

मावशीनं लोकांना सांगून पाहिलं. "अहो, तो माझ्या नवऱ्याच्या उशीचा अभ्रा आहे. देवाबिवाचा काही संबंध नाही."

एक म्हातारी तिच्याकडे बघून समजुतीनं म्हणाली, "देव कुणाच्याही उशीतनं काम करून घेतो, बाई."

आज मावशीनं पाठ सरळ केली तर समोरून तिची लेक येत होती. दोनदा पोट पडलेली पोर, आता पुन्हा दिवस गेलेले. हातात जुन्या चादरीचा तुकडा.

"तू इथं कशाला?"

"बांधायला."

"अगं, झाड आतनं कुजलंय. घरी सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं होतंस."

"मग? ती चिंधी मी बांधलीय. झाड तोडायचं म्हणून."

"तू बांधलीस म्हणून तर आले, आई. परक्या कुणी बांधली असती तर उंबरा ओलांडला नसता मी."

लेकीनं गाठ मारली आणि बुंध्याला पाठ टेकून बसली. "रोज येऊन बसणार आहे. मूल हातात येईपर्यंत."

मावशीनं दंड धरून ओढलं. लेक जड झाली, हलेना. तेवढ्यात खोडात खोल कुठंतरी काहीतरी तडकलं. बसलेल्यांनी हात जोडले.

"ऐकलंत? हुंकार दिला," कुणीतरी पुटपुटलं.

मावशी तडक नळाकडे गेली. पाईप ओढून आणला आणि झाडाखाली पाणी सोडून दिलं. "उठा. पाणी द्यायचंय." चिखल झाला तशी माणसं शिव्या देत उठली, पिशव्या उचलून रस्त्याकडे निघाली. लेकही उठली, ओल्या चपला हातात घेऊन.

"जरा मन लागत होतं इथं, तेही बघवेना तुला."

"घरी जाऊन लाव."

"उद्या येणार आहे मी."

"ये. उद्याही पाणी असेल."

लेक फणकाऱ्यानं फाटकाबाहेर पडली, तेव्हा मावशीच्या जिवात जीव आला. पाईप गोळा करायला ती बुंध्याला वळसा घालून मागं गेली आणि थबकली. मागच्या बाजूची जमीन फुगून वर आली होती, उकळत्या भांड्यावरचं झाकण उचललं जावं तशी. भेगेतून पाणी गटगट आत चाललं होतं.

तिनं पळत जाऊन नळ बंद केला. उद्या पाणी सोडावं तर मुळं आणखी सुटणार. न सोडावं तर जमीन कोरडी, आणि लेक येऊन बसणार.

नळाच्या चावीवर हात ठेवून ती उभी राहिली. वर एकही चिंधी हलत नव्हती. मग तिनं पाईप खांद्यावर घेतला आणि गुलाबांच्या वाफ्याकडे ओढत नेला. तिथलं पाणी द्यायचं राहिलं होतं.