परदेशी जाणाऱ्यांतून खोडलेलं नाव

एका माणसाचं परदेशी जाणाऱ्यांच्या यादीतलं नाव मी खोडलं, आणि त्याची काही चूक नव्हती हे कळल्यावरही ते परत घातलं नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिच्या लेखी ते वर्ष म्हणजे मला बढती मिळाली ते वर्ष.

मी मूळचा कारखान्यातला माणूस. चिंचवडला सुपरवायझर होतो. नव्वदीच्या शेवटाला सगळेच सॉफ्टवेअरकडे पळत होते, तसा मीही पळालो. कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत एका बंगल्यात आमची कंपनी होती. स्वयंपाकघरात सर्व्हर आणि पोर्चमध्ये चपला. तिथे मला प्रोजेक्ट मॅनेजर केलं, कारण मला माणसं हाताळता येतात असा साहेबांचा समज होता.

साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "काम किती, वेळ किती, पैसा किती. या तिन्हीतलं एक हललं की उरलेली दोन हलतात. आपल्याला ते अगोदर दिसलं पाहिजे. एवढंच आहे हो, बाकी सगळी इंग्रजी."

एवढंच होतं, पण दिसत नव्हतं. कारखान्यात अर्धवट काम जमिनीवर पडलेलं असतं, हात लावून बघता येतं. इथे माणूस खुर्चीवर बसलाय, पडद्यावर अक्षरं आहेत. काम झालंय की नाही हे त्यालाच विचारायचं आणि तो सांगेल ते मानायचं. मला मानायला जमेना. तीन दिवसांचं काम पोरं पाच दिवसांचं सांगायची. मी ते ओळखून चार धरायचो, साहेबांना सहा सांगायचो. साहेबही मला ओळखून होते. वरपासून खालपर्यंत प्रत्येकाच्या खिशात एखाददुसरा दिवस लपवलेला, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या खिशाचा संशय. त्यालाच मी अनुभव म्हणायला लागलो.

आमचं गिऱ्हाईक इंग्लंडमधली एक विमा कंपनी होती. दर सोमवारी संध्याकाळी त्यांच्या मॅनेजरशी फोनवर बैठक. कामाच्या प्रत्येक भागापुढे रंग लावून अहवाल पाठवायचा: वेळेत असेल तर हिरवा, अडकलं असेल तर पिवळा, बुडालं असेल तर लाल. विम्याच्या दाव्यांचा भाग चांगलाच मागे पडला होता. मी हिरवा लावत राहिलो. पुढच्या आठवड्यात भरून काढू, असं स्वतःला सांगायचो. आणि एका सोमवारी तो इंग्रज फोनवर शांतपणे म्हणाला, "दाव्यांचा भाग वेळेत आहे म्हणता, मग तो तपासणीला इतक्या उशिरा कसा जातोय?"

मी काहीतरी थातूरमातूर बोललो. फोन ठेवल्यावर साहेब म्हणाले, "तुम्ही प्रोजेक्ट मॅनेजर आहात की पंचांग? रोज नवी तारीख. आणि ही बातमी तिकडे पोचली कशी?"

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. माझं काम कुठे अडलंय, हे विचारायचं सोडून बातमी कोण फोडतंय हे मी शोधायला लागलो.

दोघांनाच खरं ठाऊक होतं. एक तो भाग लिहिणारी मुलगी, सदाशिव पेठेतली. आणि दुसरा तपासणीचा प्रमुख, नागपूरकडचा. बिबवेवाडीत खोली घेऊन राहायचा. अबोल, पण सरळ. काम कुठवर आलं विचारलं की म्हणायचा, "होऊन राहिलं सर, पण मी झालं म्हणणार नाही." बाकीची पोरं त्याच्या बोलण्याची नक्कल करायची, तोही हसायचा. पुढच्या महिन्यात तो सहा महिन्यांसाठी इंग्लंडला जाणार होता. तेव्हा परदेशी जाणं म्हणजे काय होतं, हे आजच्या पोरांना सांगून कळणार नाही. व्हिसा झालेला. मोठी बॅग घेऊन ठेवलेली, आणि खोलीत जागा नाही म्हणून ती ऑफिसच्या जिन्याखाली. येता-जाता कोणीतरी तिला टप्पल मारून म्हणायचं, "काय रे, आधी तू जाणार की ही?"

मला संशय त्याचाच आला. का आला, हे आता तरी नीट लिहायला हवं. खडकवासल्याला टीमची सहल गेली होती. सगळे कणसं खात होते आणि हा एकटा एसटीडी बूथमध्ये. मी तेही ध्यानात ठेवलं. घरी फोन करत असेल, हे मनात आलंच नाही. आणि दुसरं. आमच्या टीममध्ये कोणी जातपात बघत नाही, असं आम्ही अभिमानानं म्हणायचो. एप्रिलमध्ये त्यानं चौदा तारखेची रजा मागितली. रजेचं कारण मी सगळ्यांना विचारायचो, त्याला विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही. आडनावावरून मी ते केव्हाच ताडलेलं होतं. त्या मुलीच्या वडिलांना मी ओळखत होतो, तिच्या घरी चहा प्यालो होतो; ती असं करील असं मला क्षणभरही वाटलं नाही. मी स्वतःला सांगितलं की हा निष्कर्ष आहे.

मग मी सापळा लावला. दाव्यांचा भाग पुरा होण्याची तिला एक तारीख सांगितली, त्याला चार दिवस पुढची. दोघांनाही म्हटलं, "आपल्यातच राहू दे." पुढच्या सोमवारी इंग्रजानं फोनवर तारीख उच्चारली. त्याला सांगितलेली.

मला आनंद झाला. लाज वाटायच्या आधी आनंद झाला, तेही लिहून ठेवतो.

साहेबांच्या केबिनमध्ये मी दार लावून घेतलं. "तोच आहे," म्हटलं. साहेबांनी चष्मा काढला. "खात्री आहे? पोराचं आयुष्य आहे हो."

"शंभर टक्के."

"मग पाठवू नका. गिऱ्हाइकाच्या घरातच कशाला नेऊन बसवायचा त्याला?"

त्याच दुपारी नाव खोडलं. तो बातम्या फोडतो हे साहेबांनी कंपनीत जितक्या कमी शब्दांत पसरवता येईल तितक्यात पसरवलं. त्याच्या टेबलाशी चहाला कोणी थांबेनासं झालं. तो माझ्याकडे आला.

"सर, माझ्याकडून काही चुकलं काय?"

"नाही रे. मॅनेजमेंटचा निर्णय आहे."

"मॅनेजमेंट म्हणजे कोण, सर?"

मी म्हटलं, "वरचे लोक." तो "बरं" म्हणून गेला.

पंधरवड्यानं तो इंग्रज पुण्यात आला. साहेब दिल्लीला होते, म्हणून डेक्कनला एका हॉटेलात मी एकटाच त्याला जेवायला घेऊन गेलो. थाळी बघून तो खूश होता. कोशिंबीर संपवता संपवता त्यानं विचारलं, "तुमचा तो तपासणीचा मुलगा येणार होता ना? त्याला का काढलंत? तुमच्या आराखड्याप्रमाणे तो दर गुरुवारी आमच्या तपासणीवाल्याला तारीख कळवायचा. खरं सांगायचं तर तुमच्या रंगांवर माझा विश्वास नव्हता. त्याच्या तारखांवर होता. म्हणून तर काम तुमच्याकडे ठेवलं."

प्रोजेक्ट सुरू होताना कोणी, कोणाला, कधी, काय कळवायचं हे ठरवून देणं हे मॅनेजरचं अगदी पहिलं काम. आराखड्याचा तो कागद मी एका जुन्या प्रोजेक्टवरून उचलला होता. वरची नावं बदलली, खाली सही केली, वाचलं नाही. तपासणी प्रमुखानं दर गुरुवारी गिऱ्हाइकाला तारीख कळवावी, असं मीच त्याला नेमून दिलं होतं. "आपल्यातच राहू दे" हे मी त्याला म्हटलं, ते त्यानं आपली कंपनी आणि गिऱ्हाईक असं धरलं असेल. दुसरं धरायचं कारणच नव्हतं. तो चोरून काही करत नव्हता. चोरून मी करत होतो.

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. इंग्लंडला जाणारी दुसरी तुकडी अजून निघायची होती, त्याचा व्हिसा चालू होता. साहेब दिल्लीहून आले त्या सकाळी मी त्यांच्या केबिनपर्यंत गेलो. सांगायचं म्हणजे आराखड्याचं सांगावं लागलं असतं, मग हिरव्या रंगाचं, मग सापळ्याचं. साहेबांनी मान वर केली. "काय, काही म्हणायचंय?"

"नाही, सहज."

"सहज यायला ही काय बाग आहे? बसा नाहीतर निघा."

मी निघालो. त्याच्या जागी ती मुलगी इंग्लंडला गेली. दिवाळीच्या आधी त्यानं राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी सगळ्यांशी हात मिळवला, माझ्याशीही. जिन्याखालून बॅग काढताना मदतीला कोणी गेलं नाही. मी खिडकीतून बघत होतो. मार्चमध्ये प्रोजेक्ट संपला, गिऱ्हाईक खूश झालं, माझी बढती झाली.

पुढे मी बरीच वर्षं नव्या मॅनेजरांना शिकवलं. काम, वेळ, पैसा. धोके आधी ओळखा. कोणी कोणाला काय कळवायचं ते सुरुवातीलाच लिहा. ते माना डोलवायचे. अडचण आली की कोणाला धरायचं, हे विचारणारा एखादा तरी प्रत्येक वर्गात असायचा. त्याला मी म्हणायचो, "आधी स्वतःचा कागद वाचा." सगळे हसायचे, सरांचा विनोद म्हणून. हिंजवडीच्या गार हॉलमध्ये मीही त्यांच्याबरोबर हसायचो.

तो आता कुठे आहे हे मला ठाऊक आहे. जुन्या लोकांच्या गटात त्याचा नंबर आहे. मी तो लावलेला नाही. साहेब निवृत्त झाले. त्यांना आजही तो फितूर होता असंच वाटतं, आणि त्या बंगल्यात काम केलेल्या बहुतेकांना तसंच वाटतं, कारण मी तसं सांगितलं होतं. तो फितूर नव्हता, त्यानं मी नेमून दिलेलं काम केलं, आणि त्याचं नाव मी खोडलं, हे मला त्याच्या तोंडावर सांगायला हवं, आणि मग त्या सगळ्यांना. अजून सांगितलेलं नाही.