मामाचे बूट आणि मामाचे दात

फोन आला तेव्हा मी टाचेला बर्फ लावून बसलो होतो. माझ्या आईचा धाकटा भाऊ, आमचा दत्तूमामा, रोजच्यासारखा मैदानाला दहा फेऱ्या मारून कठड्यावर घाम पुसत बसला आणि... बसलेलाच राहिला. दवाखान्यात पोचलो तर मामी रडता रडता एकच विचारत होती, "आरं, ह्यांचं दात कुठं गेलं?" मामाची कवळी सापडेना. खिसे, उशी, न्हाणी, सगळं पालथं घातलं. शेवटी मामा बोळक्या तोंडानंच स्मशानात गेला. ते मामीला फार लागलं.

कडेगावात उसाच्या बांधावरून शाळेला अनवाणी पळणारा हा माणूस साताऱ्यात कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाला, तरी पळायचा तसाच, बिनपादत्राणाचा. तळपाय असे की घासायची वज्री झिजायची, टाच नाही. माझं सगळं उलटं. बुटांचे तीन जोड, गुडघ्याला पट्टा, टाचेखाली जेलची गादी, आणि वर्षातले सहा महिने लंगडणं. "तुझं बूट पळत्यात रं, तू नुसता त्यांच्या मागनं जातोस," मामा म्हणायचा. एकदा त्याला घेऊन माझ्या फिजिओथेरपीच्या बाईंकडे गेलो, तर बाई त्याचेच तळपाय उलटसुलट करून बघत बसल्या. माझी टाच राहिली बाजूला. मामा खूश. "दुखत नसलं तरी दाखवू का?" म्हणाला. दुखत काहीच नव्हतं.

गेल्या वर्षी डोंगरावरच्या शर्यतीआधी मी हट्टानं त्याला भारीतले बूट घेऊन दिले. त्याच्या पायाची काळजी वगैरे मी बोललो, पण खरं सांगतो, शर्यतीला येणाऱ्या माझ्या ऑफिसातल्या लोकांसमोर अनवाणी मामाची मला लाज वाटत होती. त्यानं मुकाट्यानं घातले. उतारावर घोटा मुरगळला. जन्मात कधी न मुरगळलेला पाय माझ्या बुटात मुरगळला, आणि दोन महिने प्लॅस्टर. मला एका शब्दानं बोलला नाही. "बूट चांगलं हायती, पायच अडाणी," एवढंच. पुढे ते बूट घरात कधी दिसले नाहीत. रागानं फेकले असतील, असं मी धरून चाललो. माफी मागायची होती... आज मागू, उद्या मागू, करत राहून गेली.

महिन्याभरानं मी मैदानावर गेलो. चौकीतल्या वॉचमनकाकांनी हाक मारली, "तुमीच त्यांचं भाचं न्हवं?" आणि फळीवरून बूट काढले. तेच. तळवे त्या एका शर्यतीपुरते घासलेले, बाकी कोरे करकरीत. "रोज हितंच असायचं. किल्ली, चष्मा, सगळं ह्यात. ज्याला त्याला दाखवायचं, भाच्यानं घेऊन दिल्यात, हात लावू नका. त्या दिवशी गडबडीत माझ्या ध्यानातच न्हाई आलं, आन् घर ठावं न्हाई."

उजव्या बुटात किल्ली नि चष्मा, डाव्या बुटात रुमालाची पुरचुंडी होती. पळताना खडखड वाजतात म्हणून मामा काढून ठेवायचा, ते दात.

मी तिथेच कठड्यावर बसून रडलो. हसूही येत होतं, त्याला इलाज नाही.

बूट घेऊन मामीकडे गेलो. तिनं ते मामाच्या फोटोखाली नीट जोडीनं मांडले. मी पुरचुंडी काढायला वाकलो, तर तिनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे त्यातच," म्हणाली. "पळून आलं की आधी दातच हुडकतील."