उताण्या पडलेल्या गोगलगायी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी सोयाबीनमध्ये होतो, हातात मिठाच्या पाण्याची बादली. यंदाही गोगलगायींनी कोवळी रोपं कुरतडली होती आणि आमच्या गोरेगावच्या शिवारात सकाळी जो तो वाकून त्या वेचत होता, बादलीत टाकत होता. "भावजी, लवकर या. तुमचे दादा उठंना झालेत," वहिनी म्हणाल्या. बादली बांधावर ठेवून मी पळालो. घरी पोचलो तर डॉक्टर ओसरीत येऊन उभे होते. त्यांच्याकडे पाहिल्यावर काही विचारायचं राहिलं नाही.

माधवदादा माझा थोरला भाऊ. हायस्कूलला विज्ञान शिकवण्यात त्याची सारी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर लोक देवाधर्माला लागतात. यानं समोरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली. "आपल्या लेकरांनी समुद्र पुस्तकातच पाह्यला," एवढंच त्याचं कारण. दर शनिवारी शाळा सुटली की पोरं चपला काढून ओळीनं आत येत आणि काचेला नाकं लावून उभी राहत. पण काही महिन्यांत टाकीत शेवाळ माजलं. दगडांवर हिरवे केस वाढले, काच अशी झाली की आतले मासे दिसेनात. दादा हातानं ओढून काढायचा, आठवड्यात पुन्हा तेच. मी फवारणीवाला माणूस, म्हणालो, औषध टाक अन् मोकळा हो. तर म्हणाला, "शेवाळ मरंल रे, पर त्याच्यासंगं बाकीचेबी जातील. खाणारं आणावं लागतं."

ते खाणारं कोण, हे त्यानं सांगितलं नव्हतं, म्हणून पुढची फजिती झाली. एके सकाळी शेतातून येताना चहाला त्याच्याकडे टेकलो. दादा न्हाणीत होता. पाहतो तर टाकीच्या काचेवर दहा-बारा गोगलगायी! परसातून शिरल्या असतील, असं वाटून मी एकेक उपटली आणि माझ्या बादलीत टाकली. वर बढाईनं हाकही मारली, "दादा, तुझी टाकी साफ केली बघ." तो ओल्या अंगानं, टॉवेलवरच धावत आला आणि त्यानं बादलीत कोपरापर्यंत हात घातला. शेतातल्या गोगलगायी फेस ओकून तळाशी पडल्या होत्या. त्याच्या मात्र बादलीच्या कडेनं वर चढत होत्या.

"काहून केलंस रे हे? मुंबईहून मागवल्या. समुद्राच्या हायेत त्या, मिठाच्या पाण्यातच जन्मल्या."

मी चिडलोच. आम्ही ज्यांच्यापायी कंबर मोडून घेतो, त्या हा पार्सलनं आणतो! मी त्याला वेडा म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. दोन महिने मी त्याच्या घरी गेलो नाही. गेलो तेव्हा काच लख्ख होती, दगड उघडे पडले होते, आणि दादा वेळूचा एक लांब चिमटा घेऊन टाकीवर वाकला होता. तो चिमटा त्यानं स्वतः तासून केला होता, लोखंड खाऱ्या पाण्यात गंजतं म्हणून.

"ही जात उताणी पडली की सोताहून सरळ व्हत न्हाई, बाळू. तशीच पडून मरती. सकाळी येकदा बघावं लागतं," तो म्हणाला. पुढे कितीदा तरी मी त्याला असाच पाहिला. चहाच्या आधी, पेपरच्या आधी, एकेक सरळ करून काचेला लावताना.

तो गेला आणि सुतक लागलं. देवघर मिटलं, तशी टाकीचीही कुणी दखल घेतली नाही. मोटर सुरू होती, तेवढंच. चौथ्या दिवशी माणसांच्या गर्दीतून माझी नजर तिकडे गेली. पाणी आटलं होतं म्हणून मी बोअरचं दोन कळश्या पाणी ओतलं. आणखी एक चूक. शेतातल्या खताचा अंश उतरलेलं ते पाणी शेवाळाला मानवलं आणि दहाव्यापर्यंत काच पुन्हा हिरवी झाली. खाली वाळूत गोगलगायी उताण्या पडल्या होत्या... दादानं एवढ्या वर्षांत एकदाही पडून राहू दिल्या नव्हत्या तशा. मला तिथेच रडू फुटलं. मातीच्या वेळी आलं नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, "देऊन टाका भावजी कुणाला. माझ्यानं होत न्हाई." जमलेल्या पाहुण्यांचंही तेच म्हणणं पडलं. मी मात्र खिडकीत ठेवलेला चिमटा घेतला आणि सुतक असतानाच पाण्यात हात घातला. पाच गेल्या होत्या, वासावरून कळत होतं. सातजणींचं मांस बोट लावताच आत आखडलं. "टाकी इथंच राहील, वहिनी. मी येत जाईन," म्हणालो.

आता बोअरचं पाणी बंद, आरओचा जार आणतो. त्या सात जणी कोपऱ्यापासून काच खात निघाल्यात. त्यांचं काम धीम्या गतीचं आहे, मलाही घाई नाही. शनिवारी पोरं आली, तेव्हा हातभर काच स्वच्छ होती. त्या हातभर जागेतून त्यांनी पाळीपाळीनं आत पाहिलं.

सोयाबीन सोडता येत नाही, तिथे मिठाची बादली रोज न्यावी लागते. पण ती आता आधी दादाच्या ओसरीत ठेवतो, हात दोनदा धुतो आणि चिमटा घेतो. आज दोघी पडल्या होत्या. सरळ केल्या, मग शेतात गेलो.