दादाच्या कॉम्प्युटरचा आवाज

गेल्या शनिवारी जळगावच्या घरी दादाच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं... तो गेल्यापासून पहिल्यांदाच.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लग्नांचे व्हिडिओ करायचा. शूटिंग कधी जामनेरला, कधी पार शिंदखेड्याला, आणि एडिटिंग घरी, पुढच्या खोलीत. हिवाळ्यात असंच एक लग्न आटोपून मोटरसायकलवर परत येत होता, तो आलाच नाही. त्याबद्दल जास्त लिहीत नाही... अजून जमत नाही.

आता घरात आई एकटी असते. मी धुळ्याला नोकरीला, शनिवार-रविवार येते आणि दादाच्याच कॉम्प्युटरवर त्याची राहिलेली कामं पुरी करत बसते. लोकांची लग्नं झाली, आहेर झाले, व्हिडिओ मात्र दादाच्या मशीनमध्ये अडकलेत... ते द्यायला तर हवेत.

दादा गेला तशी आईची झोप उडाली. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, बीपी वाढलंय. डॉक्टर म्हणतात, झोप झाली नाही तर नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही.

पण मी घरी असले की दुपारी ती मधल्या खोलीत चटई टाकते आणि गाढ झोपते. मला मनातून फार बरं वाटायचं. लेक जवळ आहे म्हणून झोपते, असं मी धरूनच चालले होते.

दादाच्या मशीनचे पंखे म्हणजे घरातलं जुनं भांडण. व्हिडिओ तयार व्हायला लागला की असे घोंघावायचे की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "तुनं ते इमान बंद कर रे भाऊ." इमान म्हणजे विमान, आणि दादाला ती भाऊच म्हणायची. त्यात आमचा खान्देशी इलाज... जे तापेल त्याच्यासमोर कूलर. दादा कूलरचं तोंड मशीनकडे करायचा आणि स्वतः रुमालाने घाम पुसत बसायचा.

शेवटी त्याने आईला कबूल केलं होतं की आवाज कमी करणारं यंत्र मागवतो. ते आलंही होतं. त्याच शनिवारी सकाळी त्याच्या कपाटात खोका सापडला, सील न फोडलेला. फॅन कंट्रोलर... चार पंख्यांना चार नॉब, तापमान दाखवणारा छोटा डिस्प्ले, वर यूएसबी आणि कार्ड रीडरही. म्हटलं, दादाचा शब्द आपण पुरा करू. आईची झोपही आणखी चांगली होईल.

कॅबिनेट उघडतानाच नाकीनऊ आले. कूलरची ओली हवा खाऊन खाऊन स्क्रू गंजलेले, एक तर पक्कडीने ओढून काढावा लागला. आत बोटभर धूळ. पुसताना हात उगाच थांबत होता... ती तो असतानाची धूळ होती.

जुना डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कंट्रोलर सरकवला. पंख्यांच्या वायरी जोडल्या, सेन्सर टेपने चिकटवले. प्रोसेसरचा पंखाही शहाणपणा करून कंट्रोलरलाच जोडला, तर मशीन सुरूच होईना. तो परत मदरबोर्डला लावला तेव्हा कुठे स्क्रीन उजळली.

मग एकेक नॉब खाली फिरवला. आवाज उतरत गेला, उतरत गेला... आणि शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. दादा असता तर आईला हाक मारून दाखवलं असतं.

हाक मारायची गरज पडली नाही. चटईवर आडवी झालेली आई उठून दारात आली होती.

"बंद पडनं का वं ते?"

"नाही गं, चालू आहे. आवाज कमी केलाय. दादाने तुझ्यासाठीच आणलं होतं हे."

ती चौकटीला धरून उभी राहिली. डिस्प्लेकडे बघत होती, पण बघत नव्हती. मग म्हणाली, "आवाज राहस तं वाटस, भाऊ काम करी राहिना. घडीभर डोळा लागस."

म्हणजे पंखे घोंघावत असले की दादा आत काम करतोय, असं तिला वाटायचं. ती पुढे म्हणाली, "तू धुयाले जास ना, तं मी रोज दुपारले चालू करस. तेवढंच एक बटन माले माहीत शे."

म्हणजे मी धुळ्याला असताना रोज दुपारी... स्क्रीन बंद, खुर्ची रिकामी, आणि नुसते पंखे फिरताहेत. शनिवार-रविवारची ती गाढ झोपही माझ्यामुळे नव्हती. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि त्याहून वाईट याचं वाटलं की हे तिने मला फोनवर कधी सांगितलं नाही.

मी सगळे नॉब वर फिरवले. घोंघाट सुरू झाला, आई चटईवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. ती झोपली तेव्हा माझ्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका प्रत्येक नॉबशेजारी लावला. रविवारी तिला शिकवलं, आधी बटण दाबायचं, मग इथपर्यंत फिरवायचं.

सोमवारी दुपारी धुळ्याहून फोन केला. रिंग वाजत राहिली, आईने उचलला नाही. एरवी माझा जीव टांगणीला लागतो. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा फोन केला नाही, नुसती वाट पाहिली.

चहाच्या वेळेला तिचाच आला. "झोप लागी गयथी माले," म्हणाली, जरा ओशाळून. तिच्या आवाजामागे ते इमान चालूच होतं. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला... मीही ऐकत होते.

दादा, तू आणलेलं यंत्र बसवलं. आवाज मात्र कमी करून चालला नाही रे. तो तेवढा मागे ठेवून गेलास, त्याचेच उपकार मानते.